खातं बंद पडलंय, पैसे बुडालेले नाहीत
अभ्यासपाठ : निष्क्रिय खाती आणि विसरलेल्या ठेवी

सख्यांनो, या महिन्याचा पाठ बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा. बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातली सगळी पासबुकं आणावीत. स्वतःचं, सासूबाईंचं, शाळेत असताना मुलीचं काढलेलं, आणि ट्रंकेच्या तळाशी पडलेलं जुनंसुद्धा. हा पाठ पासबुक हातात धरूनच कळतो.

आपल्यापैकी बहुतेकींची दोन-तीन तरी खाती आहेत. एक जनधनचं, एक रोजगार हमीच्या मजुरीसाठी काढलेलं, एक गटाच्या कर्जावेळी दुसऱ्या बँकेत उघडलेलं, एखादं लग्नाआधीचं माहेरच्या गावात. त्यातलं एकच चालू राहतं. बाकीची तशीच पडून राहतात आणि एक दिवस पैसे काढायला गेलं की काउंटरवरून उत्तर येतं, "तुमचं खातं बंद आहे." मग बाई परत फिरते. खात्यात तीनशे रुपये असोत की तीस हजार, ते गेले असं समजून गप्प बसते. खरं तर ते पैसे कुठंही गेलेले नसतात. ते कुठं असतात आणि परत कसे मिळवायचे, तेच आज शिकायचं आहे.

१. खातं "बंद" पडतं म्हणजे नेमकं काय?

बँकेच्या भाषेत अशा खात्याला "निष्क्रिय" किंवा "इनऑपरेटिव्ह" खातं म्हणतात. काही जण "डॉर्मंट" म्हणतात. बचत किंवा चालू खात्यात ग्राहकाकडून सलग २ वर्षांहून जास्त काळ एकही व्यवहार झाला नाही की बँक ते निष्क्रिय धरते. हे रिझर्व्ह बँकेनं ठरवलेलं आहे. त्याच्या सुधारित सूचना १ जानेवारी २०२४ ला निघाल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झाल्या. सरकारी, खासगी, ग्रामीण आणि सहकारी अशा सगळ्या बँकांना त्या लागू आहेत.

निष्क्रिय झालेल्या खात्यातून पैसे काढता येत नाहीत. हा त्रास वाटतो, पण त्यामागं कारण आहे. मालक फिरकत नाही अशा खात्यावरच चोराचा डोळा असतो. खोटी सही किंवा खोटा अंगठा करून पैसे काढले, तर मालकाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. म्हणून बँक त्या खात्याला कुलूप लावते. आपण ओळख दाखवली की कुलूप काढावंच लागतं. खातं "निष्क्रिय" होणं आणि खातं कायमचं "बंद" होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायमचं बंद करायला आपला अर्ज लागतो.

२. व्यवहार कशाला धरतात?

इथं पुष्कळ गैरसमज आहेत, म्हणून नीट लक्ष द्या.

हे व्यवहार धरले जातात :
• पैसे भरणं, काढणं, एटीएम वापरणं, मोबाईलवरून पैसे पाठवणं
• बँक मित्राकडं किंवा बीसी सखीकडं अंगठा लावून पैसे काढणं
• सरकारी योजनेचे पैसे थेट खात्यात जमा होणं
• आपण लेखी संमती दिलेली रक्कम खात्यातून कापली जाणं, उदाहरणार्थ विम्याचा हप्ता
• एटीएमवर किंवा बँकेच्या ॲपवर शिल्लक बघणं
• बँकेत जाऊन केवायसी नवी करून घेणं

हे व्यवहार धरले जात नाहीत :
• बँकेनं जमा केलेलं व्याज
• बँकेनं कापलेला एसएमएसचा किंवा एटीएम कार्डाचा आकार
• दंड, कर

म्हणजे पासबुकात दर तिमाहीला व्याजाची ओळ दिसते म्हणून खातं चालू आहे असं समजू नका. ती ओळ बँकेनं लिहिलेली आहे, आपण नाही.

आणखी एक गोष्ट. हा हिशोब प्रत्येक खात्याचा वेगळा असतो. एकाच बँकेत दोन खाती असतील आणि एकच वापरत असाल, तर दुसरं निष्क्रिय होणारच.

विम्याचं उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवा. पंतप्रधान जीवनज्योती विम्याचे वर्षाला ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये मे महिन्याच्या शेवटी खात्यातून कापले जातात. तेवढी शिल्लक नसली किंवा खातं कुलूपबंद असलं, तर हप्ता कापला जात नाही आणि विमा सुटतो. पुढं घरात वाईट प्रसंग आला तर घरचे २ लाखांच्या आशेनं बँकेत जातात आणि हात हलवत परत येतात. पडून असलेल्या खात्याचं खरं नुकसान असं होतं.

३. दुखणं ओळखा, मग औषध

काउंटरवर "खातं बंद आहे" एवढंच सांगतात, पण त्यामागं तीन वेगळी कारणं असू शकतात. आधी विचारा, "साहेब, यातलं नेमकं कोणतं?"

पहिलं : खातं निष्क्रिय आहे. दोन वर्षांत व्यवहार नाही. उपाय म्हणजे केवायसी आणि खातं चालू करण्याचा अर्ज.

दुसरं : केवायसीची मुदत संपली आहे. कमी जोखमीच्या ग्राहकांना बँकेकडं दर १० वर्षांनी ओळखीची कागदपत्रं ताजी करून द्यावी लागतात. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली. त्या पहिल्या लाटेत उघडलेल्या खात्यांची दहा वर्षं आता भरली आहेत. म्हणून रोज वापरात असलेलं खातंही अडकू शकतं. उपाय म्हणजे केवायसी. नाव-पत्ता काहीच बदललं नसेल तर "बदल नाही" एवढं स्वतः लिहून दिलेलं पुरतं.

तिसरं : आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेलं आहे. खातं धडधाकट असतं, पण पैसे येत नाहीत. आधारवरून येणारे सरकारी पैसे आपण फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात येतीलच असं नाही. ज्या बँक खात्याला आधार शेवटी जोडलं गेलं, त्यात ते जातात. लाडकी बहीण योजनेच्या वेळी कितीतरी ठिकाणी हेच झालं. पैसे आले होते, पण विसरलेल्या खात्यात. उपाय म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते आधारच्या संकेतस्थळावर बघणं. गटातल्या शिकलेल्या मुलीला मोबाईलवर दोन मिनिटांत दिसेल. मग एक तर ते जुनं खातं चालू करा, नाहीतर हव्या त्या बँकेत आधार जोडण्याचा फॉर्म भरा.

४. तोवर पैशाचं काय होतं?

निष्क्रिय खात्यातल्या बचतीवर व्याज मिळत राहतं. ते थांबवायला बँकेला परवानगी नाही. किमान शिल्लक नाही म्हणून निष्क्रिय खात्यावर दंड लावायलाही परवानगी नाही. आणि खातं पुन्हा चालू करण्यासाठी एक रुपयाही फी घेता येत नाही. ही तीन वाक्यं पाठ करा. कुणी "चालू करायचे शंभर रुपये पडतील" म्हणालं तर नम्रपणे सांगा, "रिझर्व्ह बँकेच्या नियमात फी नाही. घेत असाल तर पावती द्या."

मुदत ठेवीचं थोडं वेगळं आहे. पावतीची मुदत संपली आणि पैसे काढले नाहीत किंवा नूतनीकरण केलं नाही, तर त्यानंतर बचत खात्याचा दर किंवा पावतीवरचा दर, यातला जो कमी असेल त्या दरानं व्याज मिळतं. म्हणजे पावती विसरली तर पैसे राहतात, पण वाढ मंदावते. म्हणून मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता दहा वर्षांची गोष्ट. बचत खातं १० वर्षं वापरलं नाही, किंवा मुदत ठेवीची मुदत संपून १० वर्षं झाली, तर ती रक्कम "दावा न केलेली ठेव" ठरते. बँक पुढच्या तीन महिन्यांत ती रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा करते. त्या निधीचं नाव ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधी. हा २०१४ साली सुरू झाला. ३१ मार्च २०२४ ला त्यात ७८,२१३ कोटी रुपये होते. त्यात मोठ्या लोकांचे पैसे असतील तसे आपल्यासारख्या बायकांचे चारशे-पाचशेही आहेत.

निधीत गेले म्हणजे सरकारजमा झाले, असं नाही. दहा वर्षांनंतरही, पंधरा वर्षांनंतरही मालकाला किंवा वारसाला ते मागता येतात. त्यासाठी मुंबईला रिझर्व्ह बँकेत जायचं नाही, आपल्याच बँकेत जायचं. बँक आपल्याला पैसे देते आणि नंतर निधीतून वसूल करून घेते. व्याजाचं खातं असेल तर निधीतल्या काळाचं व्याजही मिळतं. ११ मे २०२१ पासून त्याचा दर सालाना ३ टक्के सरळव्याज असा आहे.

एका उदाहरणावर हिशोब करू. समजा, एका सखीनं १० जून २०२२ ला शेवटचे पैसे काढले आणि त्यानंतर काहीच केलं नाही. १० जून २०२४ नंतर तिचं खातं निष्क्रिय. जून २०३२ पर्यंत असंच पडून राहिलं तर पैसे निधीत. मधल्या कोणत्याही दिवशी तिनं शंभर रुपये भरले असते, तर घड्याळ पुन्हा शून्यावर आलं असतं.

५. खातं चालू कसं करायचं?

सोबत घ्या : पासबुक, आधार कार्ड, पॅन कार्ड (नसेल तर फॉर्म ६० बँकेत मिळतो), दोन फोटो आणि चालू मोबाईल नंबर. आधार नसेल किंवा नावात फरक असेल तर मतदार ओळखपत्र किंवा रोजगार हमीचं जॉब कार्डही ओळखीला चालतं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत न्या.

कुठं जायचं : खातं ज्या शाखेत आहे तिथंच जायला पाहिजे असं नाही. त्या बँकेच्या कोणत्याही शाखेत केवायसी करून द्यायला हवी. माहेरचं खातं चालू करायला माहेरी जाण्याची गरज नाही. जून २०२५ पासून रिझर्व्ह बँकेनं असंही सांगितलंय की बँकेनं अधिकार दिलेल्या बँक मित्राकडूनही केवायसी करून खातं चालू करता येतं. आपल्या गावच्या बीसी सखीला आधी विचारा.

अर्ज असा लिहा :

"मा. शाखाधिकारी यांस,
विषय : निष्क्रिय बचत खाते पुन्हा चालू करणेबाबत.
माझे आपल्या बँकेत बचत खाते असून त्याचा क्रमांक … आहे. काही कारणाने या खात्यात व्यवहार झाला नाही. सोबत केवायसीची कागदपत्रे जोडली आहेत. तरी माझे खाते पुन्हा चालू करावे व तसे मला मोबाईलवर कळवावे ही विनंती.
आपली विश्वासू, (सही किंवा अंगठा), नाव, पत्ता, मोबाईल, दिनांक."

अर्जाच्या दोन प्रती करा. एक बँकेत द्या, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. हीच "पोच". पोच नाही तर अर्ज नाही, एवढं लक्षात ठेवा.

किती दिवस : पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत बँकेनं खातं चालू करायचं असतं. झाल्याबरोबर थोडे पैसे भरा किंवा काढा आणि पासबुक छापून घ्या.

काउंटरवर काय बोलायचं याचा बैठकीत सराव करा. एकीनं साहेब व्हा, एकीनं ग्राहक.

साहेब : "मावशी, खातं बंद झालंय. नवीन उघडा."
ताई : "साहेब, त्यात माझे पैसे आहेत आणि विम्याचा हप्ता याच खात्यातून जातो. मला हेच चालू करून पाहिजे. केवायसीचे कागद आणलेत."
साहेब : "तुमची शाखा तालुक्याला आहे. तिकडं जा."
ताई : "बँक हीच आहे ना? मग केवायसी कोणत्याही शाखेत होते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुम्ही अर्ज घ्या आणि पोच द्या."
साहेब : "आज गर्दी आहे."
ताई : "मी थांबते. किंवा कोणत्या दिवशी येऊ ते अर्जावर लिहून द्या."

आवाज चढवायचा नाही आणि खालीही घ्यायचा नाही. सोबत गटातली एक सखी असली की पुरे.

६. गटाचं खातं

आपल्या दृष्टीनं सगळ्यात नाजूक जागा हीच. दहा जणींच्या गटानं महिन्याला शंभर रुपये टाकले तर वर्षाचे १२,००० होतात आणि दहा वर्षांचे १,२०,०००. हे पैसे एका खात्यावर आणि दोन-तीन सह्यांवर उभे असतात.

गटाचं खातं साधारण चार कारणांनी अडकतं.

एक : पदाधिकारी बदलल्या, पण बँकेत सह्या बदलल्या नाहीत. जुनी अध्यक्ष लेकीकडं पुण्याला राहायला गेली आणि सही तिचीच चालते.
दोन : सही करणारी सखी वारली आणि कुणी बँकेला कळवलं नाही.
तीन : गट सगळा व्यवहार रोखीत करतो. बचत गोळा झाली की तिथल्या तिथं कर्ज वाटलं जातं, बँकेत काहीच जात नाही. बैठका नियमित असूनही बँकेच्या नजरेत गट झोपलेला.
चार : गट मोडला, शिल्लक तशीच राहिली.

पहिल्या दोन्हींवर औषध एकच, ठराव. बैठकीत नव्या पदाधिकाऱ्यांच्या निवडीचा ठराव इतिवृत्तात लिहा, हजर सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या आणि त्याची प्रत नव्या पदाधिकाऱ्यांच्या केवायसीसह त्याच महिन्यात बँकेत द्या. सखी वारली असेल तर मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडा. गटाचं बचत खातं उघडायला सगळ्या सभासदांची केवायसी लागत नाही, पदाधिकाऱ्यांची पुरते, हाही रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. सगळ्या सभासदांची केवायसी कर्ज घेताना लागू शकते.

तिसऱ्याला औषध शिस्तीचं. जमलेली बचत आधी बँकेत भरायची आणि मग कर्ज काढायचं. निदान दर महिन्याला काही रक्कम तरी बँकेतून फिरली पाहिजे. याचा आणखी एक फायदा होतो. पुढच्या कर्जाच्या वेळी बँक खात्यातली हालचालच बघते.

चौथ्यासाठी मोडलेल्या गटाच्या सख्यांना पुन्हा एकदा एकत्र बसवा. शिल्लक कशी वाटायची याचा ठराव करा. बचत कुणाची किती ते जुन्या नोंदवहीवरून काढा. आधी खातं चालू करा, कुणाचं कर्ज बाकी असेल तर ते फेडा, वाटप करा आणि मग खातं रीतसर बंद करा. वही सापडत नसेल तर संघाच्या कार्यालयात जुने लेखापरीक्षणाचे कागद मिळतात का ते बघू. भांडण झालेल्या गटांसाठीसुद्धा संघ मध्ये बसायला तयार आहे.

७. घरातलं माणूस गेल्यावर

बेवारस पडलेल्या ठेवींमागं बऱ्याचदा हेच असतं. नवरा सगळे व्यवहार बघायचा, बायकोला कोणत्या बँकेत काय ते माहीत नाही. माणूस गेला की पासबुक कागदांच्या गठ्ठ्यात जातं.

खात्याला नामनिर्देशन असेल, म्हणजे नॉमिनी लावलेला असेल, तर काम सोपं असतं. मागणीचा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीची ओळख एवढ्यावर बँकेनं पैसे द्यायचे. वारस दाखला आणा, कोर्टात जा, असं सांगायचं नाही.

नॉमिनी नसेल तरी घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या सूचनांप्रमाणे १५ लाखांपर्यंतच्या रकमेसाठी (सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत) सोपी पद्धत ठेवायची आहे. त्यात वारसांचं निवेदन, बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं पत्र, बंधपत्र असे कागद लागतात. सगळे कागद मिळाल्यावर १५ दिवसांत बँकेनं पैसे द्यायचे.

इथं एक गोष्ट समजून घ्या. नॉमिनी म्हणजे पैशाची मालकीण नव्हे. बँकेकडून पैसे घेणारं ते माणूस. ते सगळ्या वारसांच्या वतीनं घेतलेले असतात, वारसांचा हक्क तसाच राहतो. दिराचं नाव नॉमिनी म्हणून असलं म्हणून विधवेचा आणि मुलांचा हक्क संपत नाही. ही माहिती कितीतरी बायकांच्या उपयोगाची आहे. गप्प राहू नका, दुसरीलाही सांगा.

१ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. आज घरी गेल्यावर आपल्या पासबुकाच्या पहिल्या पानावर नॉमिनीची नोंद आहे का ते बघा. नसेल तर फॉर्म भरा. त्याला पैसे लागत नाहीत.

८. विसरलेलं खातं शोधायचं कसं?

बँकेचं नावच बदललंय, असं बऱ्याचदा होतं. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत गेली. आपल्याकडची विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आली. जुन्या पासबुकावरची बँक आता दिसत नाही म्हणून ते फेकू नका. नव्या बँकेच्या शाखेत घेऊन जा.

पासबुकच नसेल तर रिझर्व्ह बँकेचं "उद्गम" नावाचं पोर्टल आहे. ते १७ ऑगस्ट २०२३ ला सुरू झालं. मार्च २०२४ पर्यंत त्यावर ३० बँका आल्या आणि निधीतल्या रकमेपैकी सुमारे ९० टक्के त्यांच्याकडची आहे. मोबाईल नंबरानं नोंदणी करायची, खातेदाराचं नाव टाकायचं आणि सोबत पॅन, मतदार ओळखपत्र, जन्मतारीख अशी एखादी खूण द्यायची. सापडलं तर एक क्रमांक मिळतो. तो घेऊन बँकेत जायचं. पोर्टलवरून पैसे मिळत नाहीत, फक्त पत्ता लागतो. दहा वर्षं झालेल्या ठेवीच तिथं दिसतात. अलीकडं निष्क्रिय झालेलं खातं तिथं सापडणार नाही.

नावाचं स्पेलिंग बदलून दोन-तीनदा शोधा. बँकेत आपली नावं कशी लिहिली गेली आहेत ते आपल्याला माहीतच आहे.

पतसंस्था आणि पोस्टाला मात्र हे नियम लागू नाहीत. पतसंस्था सहकार खात्याच्या निबंधकाच्या अखत्यारीत येते, रिझर्व्ह बँकेच्या नाही. पोस्टाच्या बचत खात्यात सलग ३ आर्थिक वर्षं व्यवहार नसेल तर ते "सायलेंट" होतं. अर्ज आणि केवायसी दिली की तेही चालू होतं.

९. बँकेनं ऐकलं नाही तर?

पहिली पायरी : शाखाधिकाऱ्याकडं लेखी तक्रार, पोचेसह. अर्जाच्या पोचेची प्रत जोडा.
दुसरी पायरी : ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार. त्याला फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.
सोबत संघाला कळवा. एकाच शाखेच्या पाच-सहा तक्रारी जमल्या तर संघ शाखाधिकाऱ्यांना भेटून गावात केवायसीचं शिबिर मागू शकतो.

१०. एक सावधगिरी

"तुमचं खातं आज बंद होणार, केवायसीसाठी ओटीपी सांगा," असा फोन आला तर तो ठगाचा समजा आणि ठेवून द्या. व्हॉट्सॲपवर आलेली केवायसीची फाईल उघडू नका. बँक फोनवर ओटीपी किंवा पिन कधीच मागत नाही. "तुमचे जुने पैसे शोधून देतो, आधी फी भरा" म्हणणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

बैठकीत करायचं काम

१) प्रत्येकीच्या प्रत्येक पासबुकातली शेवटची स्वतःची नोंद शोधा. व्याज सोडून. तारीख वहीत लिहा.
२) २ वर्षांहून जुनी तारीख असलेल्या खात्यांची यादी करा. नको असलेली रीतसर बंद करा, हवी ती चालू करा.
३) गटाच्या सह्या आजच्या पदाधिकाऱ्यांच्याच आहेत का ते तपासा.
४) गावातल्या एकट्या राहणाऱ्या आणि वयस्कर बायकांची पासबुकं बघायला दोघींची जोडी नेमा.
५) यादी प्रभागाच्या बैठकीला आणा. बँकेवार गठ्ठे करून एकाच दिवशी शाखेत जाऊ.

उजळणी (उत्तरं आधी स्वतः द्या)

• पासबुकात व्याज जमा होतंय, म्हणजे खातं चालू आहे का? — नाही.
• खातं चालू करायला फी किती? — काहीच नाही.
• १२ वर्षं पडून असलेले पैसे कुणाकडं मागायचे? — आपल्याच बँकेकडं.
• नॉमिनी म्हणजे मालक का? — नाही.
• अर्ज दिला हे कशावरून सिद्ध होतं? — पोचेवरून.